जुन्या टी-शर्टपासून शिवणकाम: आधी कात्री, मग मशीन

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी आले की जाताना जुन्या टी-शर्टची एखादी पिशवी मागे ठेवून जातात. आमच्या मालवण भागात त्यातल्या बहुतेकांची लादी पुसायची फडकी होतात. शिवणकाम शिकू पाहणाऱ्या मुलींना मी सांगते, ती पिशवी मागून घ्या. फुकटचं कापड आहे, ते कापताना हात कचरत नाही.

मात्र हे कापड साडी-ब्लाउजच्या कापडासारखं उभ्या-आडव्या धाग्यांचं नसतं. ते स्वेटरसारखं फासांत फास अडकवून तयार होतं, म्हणून आडवं जास्त ताणतं. कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत, कड गुंडाळते. क्लासमध्ये पहिले काही महिने पॉपलीन आणि टू-बाय-टू अशा न ताणणाऱ्या कापडांवर हात बसलेला असतो. त्याच हाताने टी-शर्ट मशीनखाली घातला की टाके सुटतात, कड लाटेसारखी होते आणि मुली हिरमुसतात. म्हणून माझं म्हणणं, सुरुवातीला मशीन उघडूच नका.

आधी निवड करा. सुती वेगळे, पॉलिएस्टरचे वेगळे. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धांत वाटतात ते चकचकीत टी-शर्ट बहुतेक पॉलिएस्टरचे. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरची पायपुसणी करू नका, ती पाणी नीट शोषत नाही. त्याच्या बाजाराच्या पिशव्या करा, पावसातही लवकर वाळतात. आणि वापरून वापरून मऊ झालेला, बिनछापाचा सुती टी-शर्ट बाळंतिणीच्या घरासाठी बाजूला ठेवा. लंगोट आणि दुपट्यांना त्याच्यासारखं जुनेर नाही.

आता कात्री. टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरा. काखेखालून सरळ कापा, खालची दुमड काढून टाका. उरली ती नळी. एक बाजू दुसऱ्या बाजूवर अशी दुमडा की वरची कड खालच्या कडेच्या इंचभर अलीकडे राहील. मग दुमडीकडून एकेक इंचावर कापत जा, पण तो शेवटचा इंच कापायचा नाही. उलगडल्यावर मधे एक अखंड पट्टा दिसेल. त्यावर एका बाजूच्या चिरेतून समोरच्या पुढच्या चिरेकडे तिरकं कापत गेलात की सगळ्या टी-शर्टची एकच लांब पट्टी निघते. ती हातात धरून ओढा. कडा आत वळतात आणि जाड, गोल दोरा तयार होतो. पहिल्यांदा हे पाहणारीचा चेहरा बघण्यासारखा असतो! बाजूला शिवण नसलेले टी-शर्ट यासाठी उत्तम, नाहीतर दोऱ्यात गाठीसारखे उंचवटे येतात.

तीन दोऱ्यांची वेणी घाला, ती गोल गुंडाळत हातानेच शिवणाच्या जाड दोऱ्याने टाचत जा. झाली पायपुसणी. गुंडाळताना वेणी ओढू नका. ओढलीत तर कडा वर उठून तिची वाटी होते. आणि जाडीचा मोह टाळा. आपल्याकडे जुलैत जाड पायपुसणं दिवसेंदिवस वाळत नाही, त्याला कुबट वास येतो, बुरशी धरते. पातळ करा, जोडीने करा: एक दारात, एक वळणीवर.

हात बसला की मशीन. बॉलपॉइंट सुई घ्या. तिचं टोक किंचित गोल असल्यामुळे ती फास न तोडता मधून जाते. दोरा पॉलिएस्टरचा. मशीनला झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका असेल तर तोच वापरा. घरच्या काळ्या मशीनवर सरळ टीपच येते आणि शिवण ताणली की ती तुटते, म्हणून त्या मशीनवर उशीचा अभ्रा किंवा पिशवी अशी फार ताण न येणारी वस्तू निवडा. कापड सुईखालच्या दातांत ओढलं जात असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारा, नंतर कागद फाडून काढा. खाऱ्या हवेत सुया आणि कात्री लवकर गंजतात. काम संपलं की मशीनच्या तेलाचा हात फिरवा, नाहीतर त्या गंजाचे डाग कापडावर उतरतात आणि निघत नाहीत.

रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये सूइंग टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये मोफत शिकवतात. आधीपासून शिवणकामावर पोट असलेल्यांनी 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत मिळते.

कमाई मला विचाराल तर पायपुसण्यांपेक्षा गोधडीत आहे. मुलाच्या शाळा-कॉलेजच्या टी-शर्टची गोधडी शिवून घेणारे लोक मनापासून पैसे देतात. प्रत्येक तुकड्याला मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर चिकटवा म्हणजे तो ताणणार नाही, आणि छापावर थेट इस्त्री फिरवू नका, छाप वितळून तळाला चिकटतो. कापण्याआधी टी-शर्ट मांडून फोटो काढा, कुठला भाग ठेवायचा ते गिऱ्हाइकाला दाखवून होकार घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि मगच कात्री लावा.