कोल्हापुरात घर बघताय? येणारं पाणी आणि न येणारं पाणी, दोन्ही विचारा

फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी अकरा वाजता कोल्हापुरातली कुठलीही कॉलनी चांगलीच दिसते. ऊन बेताचं, रस्ता मोकळा, कोपऱ्यावर कटाच्या फोडणीचा वास, आणि एजंट आधीच येऊन गेट उघडून उभा. तासाभरात टोकन दिलं जातं. पोर तीन वर्षांचं, हप्ता वीस वर्षांचा आणि पाहणी एका तासाची. बाकीच्या बहुतेक चुका या एका तासातच होतात.

"नदी लांब आहे हो इथनं"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. पंचगंगा फुगली की शहरातले नाले तिच्यात रिकामे होत नाहीत. उलट नदीचं पाणी नाल्यातून मागं सरकतं आणि गल्लीत उतरतं. म्हणून काठावरच्या सुतारवाड्यात जसं पाणी येतं, तसंच जयंती नाल्यामुळं शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि व्हिनस कॉर्नरलाही येतं. नदीपासूनचं अंतर विचारून काही कळत नाही. विचारायची ती उंची.

पंचगंगेचं पाणी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. विकणारा माणूस छाती ठोकून सांगतो, "त्रेचाळीसला आमच्याकडं काय नसतंय." खरंच नसतं. पण २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि घर त्या पाण्यासाठी बघायचं असतं.

गडहिंग्लजकडून आलेल्या एका जोडप्याचंच घ्या. तो शिरोली एमआयडीसीत, ती शाळेत, पोरगी दीड वर्षाची. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी शहरात तळमजल्याचा फ्लॅट घेतला, कारण वरच्या मजल्यापेक्षा स्वस्त होता आणि पोरीला अंगण मिळणार होतं. एजंट म्हणाला, "पावणं, डोळं झाकून घ्या." त्यांनी झाकले. इमारतीच्या मागं साठ-सत्तर पावलांवर नाला होता. जानेवारीत तो कोरडाच, त्यामुळं कुणी विचारलंही नाही.

ऑगस्टात पाणी आलं ते लाटेसारखं नाही. आधी गटारीतून बुडबुडे, मग बाथरूमच्या जाळीतून, मग दारातून. तासाला काही इंच. सामान हलवायला वेळ होता, पण नव्या माणसाला तो वेळ ओळखता येत नाही. त्यांनी गाद्या पलंगावर रचल्या, पीठ-तांदूळ ओट्यावर ठेवले आणि "उद्या उतरेल" म्हणून पाहुण्यांकडं गेले. पाणी कित्येक दिवस हटलं नाही. पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णाही भरलेली असली की इथलं पाणी उतरायला जागाच नसते. परत आल्यावर स्वयंपाकघराचं दार उघडेना. बंद फ्रीज पाण्यावर तरंगत जाऊन दाराआड आडवा बसला होता. खिडकीचे गज कापून आत जावं लागलं. प्लायवूडचं मॉड्युलर किचन फुगून पापडासारखं सुटलं होतं. खरेदीखत कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात होतं. त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते, मिळालीही. पण पोरीच्या लसीकरणाचं कार्ड गेलं ते गेलंच.

शेजारच्या आजीबाईंना त्यांनी नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पाणी येतंयच की. तुमी कुटं इचारलंसा?"

म्हणून "इथं पाणी येतं का?" हा प्रश्नच विचारू नका. विकणाऱ्याला तर नाहीच, शेजाऱ्यालाही नाही, कारण त्याच्याही घराचा भाव त्याच गल्लीत असतो. विचारायचं असं: "२०१९ ला गाड्या कुठं नेऊन लावल्या होत्या?" या प्रश्नाला माणूस विचार न करता खरं सांगतो. "कुठं न्यायच्या? हितंच होत्या" म्हणाला तर जागा बरी. "टेंबलाईच्या टेकडीवर नेल्या" म्हणाला की विषय संपला. पिठाची गिरणी, किराणा दुकान, दूधवाला, रिक्षा स्टॉप, अशा चौघांना विचारायचं. तिघांचं उत्तर जुळलं की पुरे.

डोळ्यांनाही काम द्या. वीजमीटरची पेटी गल्लीभर सगळ्यांनी डोक्याच्या वर बसवलेली असेल तर ती हौस म्हणून नसते. भिंतीचा रंग एकाच उंचीपर्यंत पोपडे धरून सुटलेला असेल, लाकडी चौकट खालून फुगलेली असेल, तळमजल्यांवर फक्त भाडेकरू किंवा गोदामं असतील, तर काय ते समजा. त्यानंतर गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागात जा आणि तो पूररेषेत येतो का ते नकाशावर बघून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पाऊलही टाकू नका. दोन्हींच्या मधलं घर घ्यायचंच असेल तर तळमजला सोडा आणि पाण्याची टाकी, मोटर, लिफ्टचा खड्डा कुठं आहे ते आधी पाहा. पहिल्या मजल्यावर माणूस कोरडा राहतो, पण खाली मोटर बुडाली की वर नळ कोरडा.

मग उंचावर गेलं की झालं?

नाही झालं. पुराला भिऊन लोक पाचगाव, मोरेवाडी, कंदलगावच्या बाजूला चढतात. तिथं पूर येत नाही हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये नळालाही पाणी येईलच असं नाही. "पाणी आहे का?" या प्रश्नाला महाराष्ट्रात आजवर कुणी "नाही" म्हटलेलं नाही. विचारा: कुठल्या वारी येतं, किती वाजता, किती मिनिटं? आणि वीस लिटरची बादली किती वेळात भरते? पाण्याच्या दिवशी, पाण्याच्या वेळी स्वतः जाऊन उभं राहा. नोकरीवरून उशीर होईल, होऊ दे.

हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चौघांना ५४०. पाणी तिसऱ्या दिवशी येत असेल तर १,६२० लिटर साठा हवा, आणि एखादी पाळी चुकली तर त्याच्या दुप्पट. गच्चीवरच्या १,००० लिटरच्या काळ्या टाकीनं यातलं काही भागत नाही. खाली निदान ३,००० लिटरची जमिनीतली टाकी आहे का ते झाकण उचलून बघा. झाकण उचलायला संकोच करणारे नंतर घागरी उचलतात. बोअर असेल तर एप्रिलमध्ये मोटर सलग तासभर चालवायला सांगा. वीस मिनिटांत गुरगुरायला लागली तर ती बोअर पावसाळ्यापुरती. नळाच्या तोंडाला पांढरी पुटं दिसली की पाणी जड आहे. गिझरची कॉइल आणि बायकोचे केस, दोन्ही बोलतील. अपार्टमेंट असेल तर सोसायटीच्या वहीत मार्च ते मे महिन्यांतला टँकरचा खर्च बघा. वही दाखवायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच.

आणि शहरात घर घेतलं म्हणून निर्धास्त होऊ नका. २०१९ च्या महापुरात शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीची उपसा केंद्रं बुडाली तेव्हा ज्या पेठेत पुराचा थेंब आला नाही तिथलेही नळ बंद पडले. गल्लीत एखादी वापरातली विहीर असेल तर ती बंगल्याच्या पोर्चपेक्षा मोलाची.

नदीच्या अलीकडं की पलीकडं

वडणगे, शिये, शिरोलीकडं जागा थोडी स्वस्त पडते आणि गावं चांगली आहेत. फक्त आधी हे ठरवा: नोकरी, पोराची शाळा आणि बालरोगतज्ज्ञ, तिन्ही नदीच्या एकाच बाजूला आहेत का? २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. शिवाजी पूल बंद, इकडं बालिंग्याचा पूल बंद, आणि पोराला ताप, ही वेळ काही गंमतीची नाही.

गुंठ्याची घाई

१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. स्वस्तात मिळतो म्हणून नोटरीच्या कागदावर घेणारे अजून आहेत, याचं खरं तर आश्चर्य वाटायला नको, पण वाटतं. नोटरीनं मालकी होत नाही. "एनए (बिगरशेती) होणार आहे" यातलं "होणार" ऐकू येत नसेल तर कान तपासून घ्या. सातबारा ऑनलाइन फुकट बघता येतो. त्यात नुसतं नाव बघून थांबू नका. भोगवटादार वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. इतर हक्कांत बँकेचा किंवा सेवा संस्थेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या. अकरा वारस आणि सह्या नऊ, असा सातबारा सरळ परत द्या. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या, आणि तो वकील एजंटनं सुचवलेला नसावा. बांधलेलं घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, नुसती घरफाळ्याची पावती दाखवली तर ऐकू नका. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती सोडू नका.

शहर कुठं संपतं

कोल्हापूर महापालिका १९७२ ची, आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्द वाढलीच नाही. त्यामुळं डांबराची पट्टी तीच, दुकानांची ओळ तीच, पण रस्त्याच्या या बाजूला महापालिका आणि त्या बाजूला ग्रामपंचायत असा प्रकार पाचगाव, कळंबा, उचगावकडं सर्रास दिसतो. पंचायतीत घरफाळा हलका, पण कचऱ्याची गाडी, गटार, रस्त्यावरचे दिवे यांचं त्या त्या गावावर. बांधकाम परवान्याला तिथं बहुतेक ठिकाणी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा संबंध येतो, ते ४२ गावांसाठी नेमलेलं आहे. सरपंचाच्या सहीवर चार मजले चढवणाऱ्याकडून फ्लॅट घेऊ नका.

स्वस्त जागेचा पेट्रोलवरही हिशेब मांडा. आठ किलोमीटर लांब, दोघं दोन गाड्यांवर, महिन्याला २६ दिवस: ८३२ किलोमीटर होतात. गाडी लिटरला ४५ दिली तर साडेअठरा लिटर. हा आकडा हप्त्यात मिळवा आणि मग "स्वस्त" म्हणा.

सुरक्षित म्हणजे चोरी नाही एवढंच लोक धरतात. लहान पोराच्या घराला खरा धोका असतो तो कठडा नसलेल्या विहिरीचा, उघड्या गटारीचा आणि गारगोटी किंवा राधानगरी रोडवरून हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा. घरापासून शाळेच्या वाटेत तो रस्ता ओलांडावा लागतो का, ते चालत जाऊन बघा. फडाला लागून प्लॉट असेल तर तोडीच्या दिवसांत घोणस अंगणात येणारच. सांडपाण्याच्या पाइपाला जाळी आणि मागच्या दारी दिवा, हे राहायला जाण्याआधी. रात्री साडेआठला केएमटीच्या (शहर बसच्या) थांब्यापासून घरापर्यंत एकदा बायकोनं चालून बघावं, नवऱ्यानं गाडीतून बघून "चालतंय" म्हणू नये.

पोराला आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्काच्या राखीव जागेवर, शाळेत प्रवेश घ्यायचा असेल तर भाडेकरार नोंदणीकृतच करा, नोटरीचा चालत नाही.

आणि एवढं सगळं करायला सवड नसेल तर घेऊ नका, आधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहा. मात्र करार १ जूनपासून करा. पूर, उसाचा हंगाम, एप्रिलचे नळ, सगळं त्यात येतं. राहतो तो एक मे महिना. तेवढा टँकरवाल्याला विचारा.