सिंगापूरला जाताय? खाण्यापिण्याच्या या चुका टाळा

आई पहिल्यांदा सिंगापूरला आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी एका हॉकर सेंटरमध्ये तिने बोट दाखवून एक डिश मागवली. काकडी, अननस, कच्च्या फळांच्या फोडी आणि वर दाण्याचं कूट. दिसायला अगदी फळांचं चाट. पहिला घास घेतला आणि ती थांबली. "अगं, याला सोड्यांचा वास येतोय." लहानपणी शेजारच्या घरातून यायचा तो वास तिने बरोबर ओळखला होता. त्या पदार्थाचं नाव रोजाक, आणि त्यावरचा काळा, गोड-आंबट सॉस कोळंबी आंबवून केलेल्या घट्ट पेस्टचा असतो. जन्मभर मासळीला हात न लावलेल्या आईसमोर ती बशी ठेवली गेली. यात स्टॉलवाल्या काकांची काहीच चूक नव्हती. मी आधी सांगायला हवं होतं.

त्यानंतर आमच्याकडे बरेच पाहुणे येऊन गेले. प्रत्येकाच्या चुका साधारण त्याच असतात, म्हणून लिहून ठेवते आहे.

"चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारणं

सिंगापुरात या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण ते मरीना बेजवळच्या एसी हॉटेलचं. इथली माणसं रोज जेवतात ती हॉकर सेंटरमध्ये नाहीतर इमारतींच्या तळमजल्यावरच्या 'कोपीतियाम'मध्ये, म्हणजे कॉफी-चहाच्या साध्या खाणावळीत. हॉकर सेंटर म्हणजे एक मोठं छप्पर, चहूबाजूंनी स्टॉल आणि मध्ये टेबलं. 1970 च्या दशकात सरकारने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना पाणी, वीज आणि गटाराची सोय असलेल्या या जागांमध्ये हलवायला सुरुवात केली. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं.

इथे एक स्टॉल एक-दोनच पदार्थ करतो आणि वर्षानुवर्षं तेच करतो. त्यामुळे मॅक्सवेल नावाच्या हॉकर सेंटरबद्दल "मॅक्सवेल चांगलं आहे का?" असं विचारण्याला काही अर्थ नाही. "मॅक्सवेलमध्ये चिकन राइस कुणाकडे खायचा?" असं विचारलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो आणि पाच मिनिटं तो तुम्हाला सोडत नाही. चौघं असाल तर चौघांनी चार स्टॉलवरून आणायचं आणि एका टेबलावर वाटून खायचं. सगळ्यांनी एकाच स्टॉलवर सगळं जेवण मागायला गेलात की गाडी अडते.

रांग बघून स्टॉल निवडायचा हे खरं, पण रांगेत कोण आहे तेही बघा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असलेली मंडळी आणि हातात भाजीची पिशवी घेतलेल्या आज्या दिसल्या की निर्धास्त उभं राहा. मिशेलिन या खाण्याच्या ठिकाणांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेचं नाव लागलेल्या स्टॉलची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2016 मध्ये इथल्या दोन हॉकर स्टॉलना मिशेलिनचा तारा मिळाला तेव्हा जगभर बातमी झाली, आणि तेव्हापासून पर्यटकांच्या रांगा अशा स्टॉलपुढे लागतात. इथल्या दमट उकाड्यात वयस्कर माणसांना तासभर उभं करू नका. शेजारच्या स्टॉलवर तोच पदार्थ बहुतेक वेळा तितकाच जीव ओतून केलेला असतो.

"व्हेज आहे का?" एवढ्यावर थांबणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

"व्हेज?" विचारलंत तर स्टॉलवाली मावशी "यस, यस, व्हेजिटेबल" म्हणेल. तिच्या लेखी ते खरंच असतं, कारण ताटात भाजी आहे. पण ती भाजी बेलाचानमध्ये, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याच्या वडीत परतलेली असते, नाहीतर वरून ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घातलेला असतो. मलय स्टॉलवरची 'सायुर लोदेह' ही नारळाच्या दुधातली भाजी बघून आपल्याला घरची आठवण येते, पण तिच्या वाटणात बऱ्याचदा सुकी कोळंबी असते. चिकन राइसच्या स्टॉलवरून "नुसता भात द्या" म्हणालात तर तो भात कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो. 'कॅरट केक' या नावाने तर भलेभले फसतात. त्यात ना गाजर ना केक. तांदळाचं पीठ आणि मुळ्याच्या वड्या अंड्यात परततात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यात डुकराची चरबी किंवा फिश सॉसही असतो. सकाळी रोटी पराठा खाताना सोबतची वाटी मटणाच्या किंवा माशाच्या रश्श्याची असू शकते. तिथे "दाल करी" असं मुद्दाम सांगा.

मग विचारायचं कसं? पदार्थाचं नाव घेऊन, एकेक जिन्नस विचारून: मांस, मासे, कोळंबी, बेलाचान, अंडं. मलय स्टॉलवर "तक नाक उदांग" म्हणजे कोळंबी नको. चिनी स्टॉलवर "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी आहे. हे दोन शब्द बोललात की बोलण्याचा सूरच बदलतो, समोरचे काका स्वतःहून सांगतात की याच्यात अमुक आहे, तुम्ही हे घेऊ नका.

यापेक्षा सोपा मार्ग चिनी बौद्ध शाकाहारी स्टॉलचा. बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरमध्ये असा एखादा असतो. भात किंवा शेवया घ्यायच्या आणि समोरच्या वीसेक भाज्यांतून बोटाने दाखवत जायचं. परंपरेने तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन पाहुण्यांसाठी मला हाच पर्याय आवडतो. कंदमुळं आणि अंडं तेवढं विचारून घ्या. थाळीत मटणासारखे किंवा डुकराच्या मांसासारखे दिसणारे तुकडे दिसले तर घाबरू नका, ते सोयाचे नाहीतर मैद्यातल्या प्रथिनाचे असतात. चिनी पंचांगाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे साधारण अमावास्या-पौर्णिमेला, पुष्कळ चिनी माणसं शाकाहार पाळतात. आपल्याकडे चतुर्थीला साबुदाणा संपतो तसे त्या दिवशी हे स्टॉल दुपारपर्यंत रिकामे होतात.

वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिम देवीचं मंदिर आहे आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं. देवीला अगरबत्ती लावून आलेली चिनी माणसं शेजारी कृष्णासमोरही हात जोडतात. तिथून जवळच मिडल रोडवर फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिच्यात शाकाहारी खाणावळी दाटीवाटीने आहेत. दर्शन आणि जेवण एकाच फेरीत होतं.

चुकून भलतंच ताटात आलं तर? वाद घालू नका, बशी बाजूला ठेवा. स्टॉलवाल्याने फसवलेलं नसतं. शाकाहारी स्टॉल दिसला नाही तर पेयांच्या स्टॉलवर विचारा. त्या मावशी दिवसभर तिथेच असतात, त्यांना सगळ्यांच्या कढईत काय आहे ते ठाऊक असतं.

सगळी जेवणं लिटल इंडियात उरकणं

मी लिटल इंडियाच्या विरोधात नाही. सेरंगून रोडवरचं 1947 पासूनचं कोमला विलास, तिथला डोसा आणि कापी, यांनी माझ्या घरच्यांना कितीदा आधार दिलाय. प्रवासात एखादं जेवण ओळखीचं हवंच. पण पाच दिवस तिथेच जेवलात तर या शहराचा स्वाद कळणार नाही, कारण या बेटाची खासियत आहे सरमिसळ. फिश हेड करी बघा. मसाला केरळचा, पण माशाचं डोकं आवडीने खाणारी गिऱ्हाइकं चिनी. दोन्ही एका भांड्यात आलं आणि सिंगापूरचा पदार्थ जन्मला. रेस कोर्स रोडवर तो केळीच्या पानासोबत मिळतो. सुलतान मशिदीसमोर 1908 पासून चालू असलेलं झमझम आहे, तिथला मुर्तबाक म्हणजे आपल्या बैदा रोटीचा मोठा भाऊ. कातोंग भागातला लक्सा म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट रश्श्यातल्या शेवया. त्या कापून घालतात, चमच्यानेच खायच्या.

मासळी खाणाऱ्यांसाठी एक सूचना. चिली क्रॅब मागवताना मालवणी किंवा आगरी खेकड्याच्या रश्श्याची अपेक्षा ठेवू नका. तो टोमॅटोचा, गोडसर आणि अंडं घातलेला दाट सॉस असतो, तळलेल्या छोट्या पावासोबत पुसून खायचा. झणझणीत हवं असेल तर ब्लॅक पेपर क्रॅब घ्या.

वेळ न बघता निघणं

संध्याकाळी सात वाजता जेवायला निघायची सवय इथे दगा देते. बरेच चांगले स्टॉल सकाळी उघडतात आणि माल संपला की दुपारीच शटर ओढतात. आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, प्रत्येकाची वेगळी. अमॉय स्ट्रीटसारखी ऑफिसवाल्यांची केंद्रं शनिवार-रविवारी बरीचशी बंद असतात. शिवाय प्रत्येक केंद्र ठरावीक काळाने साफसफाईसाठी बंद ठेवतात. त्याच्या तारखा सरकारी संकेतस्थळावर असतात, निघण्याआधी बघून घ्या. चिनी नववर्षाच्या दिवसांत तर अर्ध्याहून जास्त स्टॉल बंद मिळतील. त्या आठवड्यात मलय आणि भारतीय मुस्लिम स्टॉलवर भिस्त ठेवा.

बारा ते दीडमध्ये शहराच्या मध्यभागी टेबल मिळणं कठीण. अकराला जा. संध्याकाळसाठी लाउ पा सात हे हॉकर सेंटर बरं: 1894 ची बिडाची देखणी इमारत, आणि संध्याकाळनंतर शेजारच्या बून टॅट स्ट्रीटवरची वाहनं बंद करून साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजायला बसतात. गोमांस खात नसाल तर चिकन किंवा मटण म्हणून स्पष्ट सांगा.

टेबलावरचं टिशूचं पाकीट

रिकाम्या टेबलावर टिशूचं पाकीट किंवा छत्री पडलेली दिसली तर ते टेबल कुणीतरी धरलेलं आहे. याला 'चोप' करणं म्हणतात. आमच्या एका काकांनी ते पाकीट 'कुणीतरी विसरलं' म्हणून उचलून दुसरीकडे ठेवलं आणि ऐसपैस बसले. दोन मिनिटांत पाच जणांचं कुटुंब ट्रे घेऊन समोर उभं. तुम्हीही टिशू ठेवून टेबल धरा, पासपोर्ट किंवा फोन ठेवून नको.

जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये याची अंमलबजावणी होते. सांगूनही ऐकलं नाही तर आधी लेखी ताकीद आणि पुढच्या वेळी 300 सिंगापूर डॉलर दंड होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या जागा बहुतेक ठिकाणी दोन असतात, हलाल आणि बिगर-हलाल. तिथली पाटी वाचून ठेवा, शेजारच्या माणसाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आणि उरलेलं खाणं-पिणं मेट्रोत उघडू नका, दंड 500 डॉलरपर्यंत आहे. पाण्याचा घोटही त्यात आला.

बिल आणि सुट्टे पैसे

मोठ्या हॉटेलच्या मेनूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात. म्हणजे 10 टक्के सेवाशुल्क आणि त्या सगळ्यावर 9 टक्के जीएसटी. 100 डॉलरचं जेवण 119 डॉलर 90 सेंटला पडतं. टीप वेगळी द्यायची पद्धत नाही. टेबलावर आधीच ठेवलेले शेंगदाणे आणि ओला टिशू बिलात धरतात. नको असेल तर बसल्याबसल्या परत करा. खेकडा किलोवर विकतात, तेव्हा भाव विचारा आणि वजन आधी सांगायला लावा. हॉकर सेंटरमध्ये पाटीवर लिहिलेली किंमत हीच शेवटची, पण अनेक स्टॉल परदेशी कार्ड घेत नाहीत, म्हणून दोन-पाच-दहाच्या नोटा जवळ ठेवा.

चहा मागवताना

नुसतं "टी" म्हणालात तर कंडेन्स्ड मिल्कचा दाट गोड चहा येतो. 'ते ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'कोसोंग' म्हणजे बिनसाखरेचा, 'सिउ दाय' म्हणजे साखर कमी. घरच्यासारखा हवा असेल तर भारतीय मुस्लिम स्टॉलवर 'ते हालिया' मागा. आल्याचा चहा. बाबा रोज सकाळी तोच घ्यायचे, आणि चौथ्या दिवशी स्टॉलवाल्या भाईंनी त्यांना लांबून बघूनच आलं ठेचायला घेतलं होतं.

रोजाकच्या प्रसंगानंतर आई दोन दिवस घराबाहेर काही खायला तयार नव्हती. मग तिला गेलांग सेराईच्या बाजूला हेग रोडवर घेऊन गेले, पुतू पिरिंग खायला. तांदळाचं पीठ छोट्या साच्यात भरतात, मध्ये गुला मेलाका, म्हणजे नारळाच्या झाडाचा काळा गूळ, वरून पुन्हा पीठ, आणि वाफेवर ठेवतात. शेजारी किंचित मीठ लावलेलं ओलं खोबरं. आईने एक उचलून फोडलं, आतून वितळलेला गूळ बोटांवर ओघळला. दुसरं संपवल्यावर म्हणाली, "कळ्या पाडायचे कष्ट वाचवलेत गं यांनी." आणि पिशवीत बांधून आणखी सहा घेतले.