पोरगं पाचवीला हायस्कूलला चाललंय? मग कागद आधी, खरेदी नंतर

मे संपत आला की पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, म्हणजे वह्या-पुस्तकांच्या बाजारात, पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीतले निम्मे आईबाप नेमक्या त्याच वस्तू घेत असतात ज्या पुढच्या पंधरा दिवसात सर बदलून आणायला लावणार असतात. चौथी संपवून पोरगं मुलांच्या हायस्कूलला चाललं असेल तर माझं एवढंच म्हणणं आहे की कागदपत्रं शाळा उघडायच्या आधी उरका आणि खरेदी शाळा उघडल्यावर करा, बहुतेक घरात हे बरोब्बर उलटं होतं. माझे दोघं मुलगे पेठेतल्या मुलांच्या शाळेतले, त्यामुळे लिहितेय ते पुण्याचं, पण बाकी ठिकाणीही फार वेगळं नसतं. तारीख तेवढी आपापली बघा, इकडे जूनच्या मध्यावर घंटा वाजते, विदर्भात उन्हापायी आणखी आठवडाभर तरी उशिरा.

तर कागद. शाळा बदलतेय म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला लागणार. तो हातात पडला की तिथेच उभं राहून वाचायचा, घरी येऊन नाही. नाव, वडलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, सगळं जन्माच्या दाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा, कारण नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरला नोंद याच्यावरून होते आणि तेच नाव पुढे दहावीच्या सर्टिफिकेटवर जातं. पोरगं शाळेत आहे तोवर अर्ज करून दुरुस्ती होऊन जाते, दहावी झाल्यावर मात्र चपला झिजतात. जुन्या शाळेने ऑनलाइन यूडायसवरून, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीवरून, त्याचं नाव नव्या शाळेकडे सोडलंय का तेही विचारून घ्या, ते नुसतं दाखला दिला म्हणजे आपोआप होत नाही. आणि शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला लागणार असेल तर एप्रिल-मे मध्येच काढा. जूनमध्ये दहावी-बारावीचा निकाल लागलेली अख्खी जनता सेतू केंद्रात असते.

आता पुस्तकं. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून, तेव्हा आधीच संच विकत आणून ठेवू नका. विनाअनुदानित असेल किंवा नववी-दहावी असेल तर घ्यावीच लागतात. आधी चाळायची हौस असेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ आहेत, फुकट. गाइड-डायजेस्ट जूनमध्ये अजिबात नको, पोरगं धडा वाचायच्या आधी उत्तर वाचायला लागतं.

वह्यांचं तर विचारूच नका. प्राथमिकला एकच बाई दिवसभर सगळं शिकवायच्या, इथे तासाला माणूस बदलतो आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, गणिताच्या सरांना दोनशे पानी हवी, इतिहासाच्या मॅडमना शंभर पानी चालते, विज्ञानाला एका बाजूला कोरं पान पाहिजे, इंग्रजीला चार रेघी की एक रेघी हे त्या सरांनाच ठाऊक. म्हणून पहिल्या दिवशी एकच दोनशे पानी वही, दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर एवढं देऊन पाठवायचं आणि वेळापत्रक व सूचना आल्या की मग एकदाच चौकात जायचं, शनिवार-रविवार सोडून, दुपारी. तोवर गर्दीही ओसरलेली असते. कंपासपेटी भूमितीचे सर सांगतील तेव्हा घ्या, आणि घेताना कर्कटकाचा स्क्रू दुकानातच घट्ट फिरवून बघा, ढिला असेल तर वर्तुळाचा बटाटा होतो.

युनिफॉर्म मात्र आधी घ्यावा लागतो. काही शाळांत खालच्या वर्गांना हाफ पँट आणि आठवीपासून फुल, काही ठिकाणी सगळ्यांनाच फुल, शाळेच्या नोटीस बोर्डावर बघून मगच कापडाला हात लावा. शिवून घेत असाल तर शिंप्याला पँटच्या खाली दुमड जास्त ठेवायला सांगा, पाचवी ते सातवी पोरं कधी ताडकन वाढतात कळत नाही. शर्ट दोन तरी हवेतच कारण पावसात वाळत नाहीत. बटणं घरी पुन्हा एकदा पक्की करा. मुलांच्या शाळेत मधल्या सुट्टीत कॉलर धरणं हे संभाषणच असतं.

वस्तूंवर नाव घाला, आणि नाव म्हणजे वर्ग-तुकडीसकट नाही, तुकडी बदलते. स्टीलच्या डब्यावर तुळशीबागेतल्या भांडेवाल्याकडून नाव कोरून घ्या. रेनकोटला आतल्या बाजूने मार्करने. एकाच वर्गात निळे रेनकोट निदान वीसेक तरी असणार, आणि आपला कुठला हे ओळखण्याची पोरांना काडीची गरज वाटत नाही, हाताला येईल तो घालून निघतात. छत्री देऊ नका, ती तलवार म्हणून वापरली जाते. रेनकोट असा घ्या की पाठीवर सॅक अडकवून वरून घालता येईल. सॅकमध्ये एका पिशवीत कोरडे मोजे, बास.

दप्तराचं वजन हा खरा घोळ आहे. नियम असा की मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे तीस किलोच्या पोराला तीन किलो. घरात वजनकाटा असेल तर एकदा पोराला दप्तरासकट उभं करा, एकदा नुसतं, वजाबाकी त्यालाच करू द्या. जास्त भरतंय कारण तो रोज सगळं नेतो, वेळापत्रक लावत नाही. वेळापत्रकाचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि दप्तर रात्री जेवायच्या आधी त्यानेच भरायचं. पहिले आठ-दहा दिवस शेजारी उभं राहा, हात लावू नका. एखादी वही राहिली तर राहू दे, सर बोलतील, त्याने जग बुडत नाही. आणि पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज रात्री दहाला "आजचा गृहपाठ कोणी सांगेल का" विचारणं बंद करा हो, डायरी पोराला दिलीये, आपल्याला नाही.

वेळेची सवय आधीपासून लावा. पेठेतल्या बऱ्याच शाळा दोन अधिवेशनात भरतात, एक सकाळी एक दुपारी. भाऊ अमुक वेळी आणि बहीण मुलींच्या हुजूरपागा शाळेत तमुक वेळी असं झालं की चौथीपर्यंत दोघांना एकत्र सोडणारी रिक्षा उपयोगाची राहत नाही. दुपारचं अधिवेशन असेल तर जेवण साडेअकराच्या आत उरकायला हवं, ही सवय शाळा उघडायच्या आठवडाभर आधी लावा. रस्ता एकदा त्याच्याबरोबर चालून बघा, जाताना नव्हे तर शाळा सुटायच्या वेळी, कारण खरी गर्दी तेव्हा असते. तालुक्याच्या गावी एसटीने जाणार असेल तर पास पहिल्या आठवड्यातच काढा, विद्यार्थ्याला भाड्याचा साधारण एक तृतीयांश भरावा लागतो. मुलींना बारावीपर्यंत पूर्ण मोफत, मुलांना नाही, तेव्हा शेजारच्या ताईचा पास फुकट झाला म्हणून आपला होईल असं धरून चालू नका.

आठवीत घालणाऱ्यांसाठी एक जादाचं. अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं वर्गशिक्षकांना जूनमध्येच विचारून ठेवा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात. बऱ्याच घरांना फॉर्मची तारीख उलटल्यावर कळतं.

आणि केस. शाळा सोमवारी उघडत असेल तर शनिवारीच कापून घ्या. रविवारी सलूनमध्ये अख्ख्या पेठेतली पोरं बसलेली असतात आणि सोमवारी दुकान बंद.