दत्तक गेलेल्या भावाबहिणीचा शोध कसा घ्यावा

लेकरू दत्तक कसे गेले, हे आधी घरात नीट समजून घ्या, कारण शोध कुठून सुरू करायचा हे त्यावरच ठरते. मराठवाड्यात दोन प्रकार जास्त दिसतात. एकात मूलबाळ नसलेल्या चुलत्याच्या किंवा मावशीच्या ओटीत घातलेले लेकरू असते, दुसऱ्यात संस्थेमार्फत परक्या घरी गेलेले.

आईला किंवा आजीला “का दिलं?” असे विचारू नका. त्या प्रश्नावर माणूस गप्प होते आणि पुढचे काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी दवाखाना कोणता, कोण घेऊन गेले, कागदावर अंगठा कुठे दिला, हे विचारा. तारीख आठवत नसली तरी “पोळ्याच्या आसपास”, “टोळी ऊसतोडीला निघायच्या आधी” एवढे नक्की आठवते. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणजे एक-दोन महिन्यांचा अंदाज येतो. “बहात्तरच्या दुष्काळात” किंवा “भूकंपाच्या वर्षी” म्हटले की साल मिळाले. किल्लारी परिसरातला भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. त्यानंतर बरीच गावे नव्या जागी वसली, आणि त्याच्याही आधी जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गावे गेली होती. म्हणून पत्ता शोधताना जुने गाव आणि पुनर्वसित गाव दोन्ही धरा.

नात्यात दिलेले असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत दत्तकपत्राचा शोध घ्या. दत्तक घेणाऱ्याचे नाव आणि अंदाजे साल लागते. पुष्कळदा दत्तकपत्र झालेलेच नसते, चार माणसांपुढे लेकरू मांडीवर दिलेले असते. मग गावच्या जन्मनोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उपयोगी पडते. त्यासाठी लेखी अर्ज करा. दत्तकानंतर आडनाव आणि बापाचे नाव बदलते, पण जन्मतारीख आणि जन्मगाव सहसा तेच राहते. नावावरून शोधणारे इथेच अडकतात.

संस्थेमार्फत दत्तक गेले असेल तर अर्ज कोण करतो याला फार महत्त्व आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे मुळांच्या शोधाचा, म्हणजे आपले जन्मघर शोधून देण्याचा, अर्ज दत्तक गेलेली व्यक्तीच करू शकते. ती 18 वर्षांची झाली असेल तर स्वतः, नसेल तर दत्तक आईवडिलांसोबत. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितले असेल तर त्यांच्या संमतीशिवाय ती उघड होत नाही. घरी राहिलेल्या भावाला किंवा बहिणीला हा अर्ज करता येत नाही, वकील लावला तरी नाही. अशा वेळी ती संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आपले नाव, पत्ता, फोन लिहून पत्र द्या आणि ते फाइलला लावण्याची विनंती करा. उद्या तिकडून शोध सुरू झाला, तर तुमचा पत्ता तयार असेल. हा हक्क नव्हे, विनंती आहे. पत्राची पोच मात्र घ्या.

भावंड अजून लहान असेल तर त्याचा फोटो, नाव व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. संस्थेतल्या किंवा दत्तक मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पत्ता लागला की लगेच दारात जाऊन उभे राहू नका. सगळ्यात जास्त नुकसान याच घाईने होते, कारण आपण दत्तक आहोत हे समोरच्याला कदाचित ठाऊकच नसते. नात्यातली गोष्ट असेल तर मामा किंवा दोन्हीकडे मान असलेल्या वडीलधाऱ्याला मध्ये घाला आणि आधी वाढवणाऱ्या आईवडिलांशी बोला. परक्या घरी पहिला निरोप असा पुरे: “नमस्कार. मी लातूरहून बोलते. एका जुन्या ओळखीबद्दल बोलायचं होतं. तुम्हाला सवड असेल तेव्हा फोन करा, नाही केला तरी हरकत नाही.” दत्तक हा शब्द त्यात नको. उत्तर आले नाही तर काही महिने थांबा.

दोन्ही घरांत न बोललेली भीती सातबाऱ्याची असते. ती तुम्हीच आधी काढा. कायदेशीर दत्तकविधान झाल्यावर दत्तक गेलेल्याला जन्मघरच्या मालमत्तेत नव्याने वारसा मिळत नाही. दत्तकाआधीच त्याच्या नावे झालेली मालमत्ता मात्र त्याचीच राहते. दत्तकविधान कायद्यात बसत नसेल तर हक्क शिल्लक असू शकतो, तेव्हा वकिलाला कागद दाखवा. पहिल्या भेटीत कशावरही सही मागू नका, हक्कसोडपत्रावर तर मुळीच नाही.

डीएनए तपासणी दोघांच्या मर्जीने आणि भेट झाल्यावरच करा. फक्त भावंडांचे नमुने दिले तर निकाल नेहमी ठाम येत नाही. आई हयात असेल तर तिचाही नमुना द्या, उत्तर बरेच स्पष्ट येते.

ओळख जमली की दोन गोष्टी लिहून द्या: घराण्यातले मधुमेह, हृदयविकारासारखे आजार, आणि कुळ, देवक, आजोळचे आडनाव. दत्तक गेल्यावरही जन्मघराकडून लागणारी लग्नाची बंधने 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने कायम राहतात. त्यामुळे सोयरीक बघताना ही माहिती लागतेच.