हातात बेसबॉल, डोक्यात क्रिकेट: या चुका टाळा

मैदानावर पहिल्यांदाच आलेलं पोट्टं चेंडू झकास मारतं आणि जागेवरच उभं राहतं. चारी बाजूंनी "पळ बे, पळ!" असा ओरडा झाला की बॅट घट्ट धरून पळत सुटतं आणि पहिल्या बेसपाशी (धावताना गाठायच्या चार जागांपैकी पहिली) पोचल्यावर ती बॅट पुढे करून जमिनीला टेकवतं. नागपुरात पोरं गल्लीत क्रिकेट खेळतच मोठी होतात, तेव्हा हे होणारच. रविवारी सकाळी लहान मुलांना बेसबॉल शिकवायला मी मदत करतो. खेळाडू असोत, पालक असोत की नुसते बघणारे, सगळ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ मला एकच दिसलं आहे: क्रिकेटची सवय न सोडता बेसबॉलला हात घालणं.

खरेदीतच फसतात

"पोरगा उजवा आहे, उजव्या हाताचा ग्लोव्ह द्या," असं म्हणून सीताबर्डीतून ग्लोव्ह घेऊन आलेले बाबा मी पाहिले आहेत. फेकायचा हात मोकळा हवा, म्हणून उजव्या हाताने फेकणाऱ्याला ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो. लेबलवर 'आरएचटी' लिहिलेलं असेल तर तो उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी, म्हणजे डाव्या हातात घालायचा. दुसरी गफलत सॉफ्टबॉलची. आपल्याकडे बऱ्याच शाळांत सॉफ्टबॉल चालतो. त्याचा चेंडू १२ इंच घेराचा, तर बेसबॉलचा ९ ते सव्वानऊ इंचांचा. त्यामुळे सॉफ्टबॉलच्या मोठ्या ग्लोव्हमध्ये लहान मुलाला बेसबॉल नीट पकडता येत नाही. शाळेत नेमका कोणता खेळ शिकवतात, हे सरांना विचारूनच पैसे काढा.

नवा ग्लोव्ह कडक असतो. तो मऊ करायला घरी खोबरेल तेल चोपडतात, मग चामडं जड आणि लोळागोळा होतं. ग्लोव्हसाठी मिळणारं क्रीम अगदी थोडं लावा, रोज पंधरा-वीस मिनिटं चेंडू झेला आणि रात्री खोबणीत चेंडू ठेवून ग्लोव्ह बांधून ठेवा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका. बंद गाडीत चामडं वाळून तडकतं आणि लाकडी बॅटचंही नुकसान होतं.

बॅट गोल आहे म्हणजे कुठूनही मारली तरी चालते, हाही गैरसमजच. लाकडी बॅटवरचा कंपनीचा छाप आभाळाकडे किंवा जमिनीकडे ठेवून मारायचं. छापावरच चेंडू बसला तर बॅट मोडायचा धोका वाढतो.

पळताना होणारे घोळ

चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषांच्या आत मारला की पळावंच लागतं, इथे थांबायची मुभा नाही. बॅट तिथेच सोडायची, पण भिरकवायची नाही, मागे कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) आणि अंपायर असतात. पहिल्या बेसवरून सरळ पुढे धावत गेलं तरी चालतं, मात्र लगेच परत यायचं आणि दुसऱ्या बेसकडे निघायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बेसला ही सवलत नाही. तिथे बेस सुटला आणि समोरच्या खेळाडूने हातातला चेंडू अंगाला लावला की आऊट.

सगळ्यात जास्त विकेट (हा शब्दही आमच्या मैदानावर अजून सुटलेला नाही) उंच उडालेल्या चेंडूवर जातात. चेंडू हवेत दिसला की बेसवरची पोरं डोळे मिटून धावतात. झेल घेतला गेला, तर बेसवरच्या खेळाडूला परत आपल्या बेसला पाय लावावाच लागतो, त्याआधी चेंडू तिथे पोचला तर तोही बाद. एका झेलात दोन गडी जातात ते असे. उपाय साधा आहे: चेंडू उंच उडाला की बेसच्या जवळ थांबा, झेल सुटला तर पळा.

आपल्या मुरमाच्या मैदानावर बेस गाठताना पोटावर घसरू नका. आधी पाय पुढे ठेवून घसरायला शिका, तेही ओल्या वाळूवर किंवा ताडपत्री टाकून.

हात

बाकीच्या चुकांनी सामना जातो, या चुकीने मुलाचा हात जातो, म्हणून इथे जरा थांबतो.

अकरा वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे यायचा. फेक सुरेख होती, म्हणून सगळे त्यालाच पिचिंग (बॅटरला चेंडू टाकणं) द्यायचे. शनिवारी क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग, रविवारी इथे पिचिंग, आणि घरी गेल्यावर गच्चीवर बाबांसोबत "अजून दहा टाक". कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय हे त्याने घाबरून पंधरा दिवस सांगितलंच नाही. आम्हीही विचारलं नाही, याची मला आजही खंत आहे. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला कित्येक आठवडे काहीही फेकू दिलं नाही.

वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि पुन्हा पुन्हा जोरात फेकल्याने तिच्यावर ताण येतो. म्हणून अमेरिकेत पिचरने किती चेंडू टाकायचे, याची मर्यादा वयाप्रमाणे ठरवली आहे: ७-८ वर्षांना दिवसाला ५०, ९-१० वर्षांना ७५, ११-१२ वर्षांना ८५ आणि १३-१४ वर्षांना ९५. विश्रांतीचाही हिशेब आहे. ९ ते १२ वर्षांच्या मुलाने २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस सुटी, ३६ ते ५० टाकले तर दोन, ५१ ते ६५ टाकले तर तीन, आणि ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस. ही कमाल मर्यादा आहे. इतके चेंडू टाकायलाच हवेत असा तिचा अर्थ लावू नका. क्रिकेटमधलं बोलिंगही आपल्या मनाने त्यात धरा. पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी त्याच मुलाला कॅचर करू नका, कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो. आणि शरीर पुरतं वाढेपर्यंत कर्व्हबॉलचा (हवेत वळणारा चेंडू) नाद नको.

अंतरही तपासा. मोठ्यांचा पिचर होमप्लेटपासून (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) १८.४४ मीटरवर आणि बेस एकमेकांपासून २७.४३ मीटरवर असतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेच १४.०२ आणि १८.२९ मीटर ठेवतात. मोठ्यांच्या आखणीवर लहान मुलं खेळवली की ती जोर लावण्यासाठी हात वेडावाकडा फिरवतात.

घरी जाताना गाडीवर पोराला रागावणं

क्रिकेटमध्ये शून्यावर आऊट झालं की बहुतेक वेळा तो डाव गेला, म्हणून आईबाबांचा चेहरा लगेच पडतो. बेसबॉलमध्ये तोच मुलगा एका सामन्यात तीन-चार वेळा बॅटिंगला येतो. दहापैकी तीनदा हिट मारणारा (म्हणजे चेंडू मारून बेस गाठणारा) मोठा खेळाडूही चांगला मानला जातो. अमेरिकेच्या दोन मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, एका हंगामात .४०० च्या वर सरासरी नेणारा शेवटचा खेळाडू टेड विल्यम्स, १९४१ मध्ये .४०६. म्हणजे दर दहापैकी जवळजवळ सहा वेळा तोही चुकत होता. तेव्हा काकू, "आज काऊन आऊट झाला?" असं विचारू नका. "चेंडू नीट दिसत होता का?" असं विचारा, पोरगं पोहे खाता खाता सगळं सांगेल.

बघताना

रात्री टीव्ही लावून "अमेरिकेची मॅच कुठे आहे?" म्हणून शोधत बसू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, लॉस एंजेलिसचा सकाळी साडेसातला. जपानचा ६ वाजताचा दुपारी अडीचला. घरच्यांना पहिल्यांदाच अख्खा सामना बघायला बसवू नका, नऊपैकी शेवटच्या तीन इनिंग दाखवा. देशांच्या संघांच्या स्पर्धेचा, म्हणजे २०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या फायनलचा शेवट दाखवून पाहा: जपान ३-२ ने पुढे, नवव्या इनिंगमध्ये दोन आऊट, जपानचा पिचर शोहेई ओहतानी आणि समोर अमेरिकेच्या संघातला त्याच्याच तेव्हाच्या क्लबचा सहकारी माइक ट्राउट. स्ट्राइक, बॉल आणि आऊट ही मोजणी त्या एका लढतीत पक्की समजते. 'बॉल' म्हणजे स्ट्राइक झोनच्या (होमप्लेटच्या वर, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची जागा) बाहेर गेलेला आणि बॅटरने बॅट न फिरवलेला चेंडू, असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट, एवढं मात्र आधीच सांगून ठेवा.

जपून ठेवायचा चेंडू

सही घ्यायला मार्कर देऊ नका, शाई चामड्यात पसरते. निळं बॉलपेन द्या आणि शिवणी जिथे सगळ्यात जवळ येतात त्या जागी सही घ्या. खिडकीजवळच्या शोकेसमध्ये नागपूरच्या उन्हाने शाई उडते, तेव्हा चेंडू कपाटात ठेवा. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि उघड्या हाताने सारखा काढून दाखवू नका, हाताच्या घामाने आणि तेलकटपणाने चामडं पिवळं पडतं. खेळाडूंची जुनी कार्डं ऑनलाइन घेणार असाल तर मागच्या बाजूचा फोटो आधी मागवा. पुनर्मुद्रण असेल तर बहुतेक वेळा तिथेच बारीक अक्षरात लिहिलेलं सापडतं.