स्वतः ड्राफ्टिंग करून ड्रेस शिवताय? या चुका टाळा

मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी स्वतः शिवलेला ड्रेस घालून दारात उभी राहिली. कापड छान, टीप सरळ, पण तोंड उतरलेलं. "काकू, हात वर केला की पूर्ण ड्रेसच वर येऊलालाय बघा. मुंढा, बाही जोडायची गोलाई, अजून थोडा खोल कापू का?"

मी आधी तिच्या हातातली कात्री काढून घेतली. इथंच सगळ्यात जास्त कापड वाया जातं.

मुंढा खोल म्हणजे हात मोकळा, असं नसतं

मुंढा काखेपासून जितका खाली, तितका हात उचलताना अख्खा ड्रेस सोबत ओढला जातो. काखेजवळ बसणारा मुंढा दिसायला लहान असतो, पण हात मोकळा फिरतो. बहुतेकींची चूक सूत्रातून येते. "छातीचा चौथा भाग वजा दीड इंच" हे सूत्र ३४ छातीला ७ इंच देतं, ते ठीक बसतं. तेच ४२ ला ९ इंच देतं. छाती वाढली म्हणून काख तेवढी खाली जात नाही! म्हणून मी हे माप सूत्रावर सोडत नाही. काखेत पट्टी आडवी धरायला सांगायची, खांद्याच्या टोकापासून पट्टीपर्यंत सरळ टेप लावायचा आणि त्यात अर्धा ते पाऊण इंच मिळवायचा.

कापून झालं असेल तर? बाही उसवा, खांद्याची शिलाई अर्धा इंच खाली घ्या. मुंढा तेवढा वर येतो. गळाही वर येतो, तो नव्याने आखा. मुंढ्याचा घेर पुढे-मागे मिळून एक इंच कमी झालेला असतो, म्हणून बाहीचा गोलही तेवढा कमी करा. एवढ्यानं भागलं नाही तर काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोडतुकडा लावा. आपल्याकडच्या जुन्या सदऱ्यांना तो असायचाच, त्यात कमीपणा काही नाही.

बाहीला चुण्या पडत असतील तर टेप उभा धरून दोन्ही गोलाई मोजा. बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त चालते. दोन इंच जास्त असेल तर चुण्या पडणारच, कितीही सांभाळून शिवा. आणि पुढचा मुंढा मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच आत कोरायला विसरू नका.

लूज आणि मार्जिन एकच धरणं

छाती ३६ असेल तर चौथा भाग ९. त्यात १ इंच लूज, म्हणजे अंगाला मोकळं राहायला जादा कापड, धरला की १०. ही शिलाईची रेघ. मार्जिन, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं कापड, तिच्या बाहेर. काहीजणी लूजलाच मार्जिन समजतात आणि ड्रेस अंगात जात नाही. काहीजणी चौथ्या भागात थेट ३ इंच लूज मिळवतात आणि सगळं मिळून १२ इंच ढगळ होतं. कागदावर शिलाईची रेघ निळी, कापायची रेघ लाल, एवढी सवय लावून घ्या. आपल्याकडचा उन्हाळा पाहता सुती ड्रेसला लूजची कंजुषी करू नका.

गळ्याचं उलटं असतं. शिवल्यावर तो मार्जिनएवढा मोठा होतो, म्हणून आधी लहानच कापा. पुढून-मागून दोन्हीकडे खोल गळा घेतला की खांदा घसरतो. एक बाजू उथळ ठेवा.

न भिजवता कापणं

हे मी स्वतः भोगलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा कापड भिजवायला बादलीभर पाणी काढायला मन धजेना. लेकीचा सुती ड्रेस तसाच कापला. पहिल्या धुण्यात कंबर वर सरकली आणि तो ड्रेस पुन्हा तिच्या अंगाला लागला नाही. तेव्हापासून पाणी कमी असलं तरी भिजवतेच. रात्रभर भिजवलेलं पाणी फिकट निघालं तर फरशी पुसायला वापरते. अस्तरही सोबत भिजवा. नुसतं वरचं कापड भिजवलं तर पुढं अस्तर आटतं आणि ड्रेस आतून गोळा होतो.

जुन्या साडीचा ड्रेस

आजीच्या इरकलीचा किंवा पैठणीचा ड्रेस करायचा मोह सगळ्यांना होतो. काठ सरळ विणलेला असतो, त्यामुळे अंब्रेला घेराच्या गोलाईवर तो बसत नाही, बसवला तर फुगतो. काठ खाली हवा असेल तर चुण्यांचा सरळ घेर करा. आणि असल्या कापडाला पहिल्यांदाच कात्री लावू नका. आधी मांजरपाटाचा किंवा फाटक्या चादरीचा नमुना कच्च्या टाक्यांनी शिवून अंगात घाला. जिथं ओढतंय तिथं खडूनं खूण करा आणि ती दुरुस्ती परत कागदावर उतरवा. नुसत्या ड्रेसवर दुरुस्त केलं तर पुढच्या वेळी तोच कागदी फर्मा तीच चूक देतो.

टक्सचं (उभार बसवायला घेतलेल्या निमुळत्या चुणीचं) टोक छातीच्या बिंदूच्या इंचभर अलीकडे संपवा, टोकदारपणा जातो. टीप आकसत असेल तर आधी सुई बदला, मग धाग्याचा ताण सैल करा.

अंब्रेलाचा घेर

पूर्ण गोलासाठी कंबर भागिले ६.२८. कंबर ३० असेल तर त्रिज्या पावणेपाच इंच. ही शिलाईची रेघ झाली, कापायचं त्याच्या अर्धा इंच आत. खरी चूक नंतर होते: लगेच खालचा काठ दुमडायची घाई. गोल घेरात कापड जिथं उरेब, म्हणजे तिरपं येतं तिथं ते वजनानं लोंबतं, आणि दोन दिवसांत घेर खालीवर दिसायला लागतो. एक दिवस-रात्र टांगून ठेवा. मग ड्रेस अंगात घालून, कुणाला तरी खाली बसवून, फरशीपासून सारख्या उंचीवर पट्टीनं खुणा करून घ्या.

त्या मुलीचा मुंढा आम्ही त्याच दिवशी दुरुस्त केला. आता तिनं बहिणीसाठी अंब्रेला कापलाय. तो कालपासून आमच्या दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे. उद्या सकाळी खुणा करायच्या आहेत.