'लात्ते'चं लॅटिन मूळ कसं काढावं

साताऱ्यात पोवई नाक्यावर कॉफीच्या मेनूत 'लाटे' वाचलंत, तर आधी उच्चार सुधारा: लात्ते, म्हणजे इटालियनमध्ये दूध. 'त्त'च्या जागी 'क्त' ठेवून बघा: लाक्ते. आता लॅटिन कोश उघडा. तिथे प्रथमेत नुसतं 'लाक' सापडेल आणि इथेच बहुतेक जण अडतात. षष्ठीचं रूप बघा: लाक्तिस. शब्दाचं खरं अंग तिथे दिसतं.

मग लॅटिन 'क्त'चा इटालियनमध्ये 'त्त' होतो, हा नियम ताडून पाहा: नोक्तेम–नोत्ते (रात्र), ओक्तो–ओत्तो (आठ). पण प्रत्येक 'त्त' हा 'क्त'चाच नसतो. 'सेत्ते' (सात) 'सेप्तेम'वरून आलं. आपल्याकडे सप्त–सत्त–सात झालं, अगदी तसंच!

'लात्तूगा' म्हणजे लेट्यूसही याच कुळातली, मूळ 'लाक्तूका'. तिचा देठ मोडला की दुधासारखा चीक येतो.